खड्डा न जाणवणारी मोटार

आपल्या शहरांतल्या रस्त्यांवर गेल्या दहा-बारा वर्षांत एक बदल झाला आहे, आणि तो मोटारींच्या संख्येइतकाच त्यांच्या उंचीतही दिसतो. पूर्वी स्कूटरवरून जाताना शेजारच्या मोटारीतल्या माणसाचा चेहरा दिसे; ओळखीचा निघाला तर हात उंचावता येई. आता शेजारी दिसते ते चाक. जी गाडी डोंगर, चिखल आणि नदीपात्र डोळ्यांसमोर ठेवून घडविली, ती मुलांना शिकवणीला सोडते, मंडईत जाते, मंगल कार्यालयाबाहेर अर्धा रस्ता अडवून उभी राहते. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी मोटारी विकल्या गेल्या. त्यांपैकी जवळजवळ ६५ टक्के 'युटिलिटी' म्हणविल्या जाणाऱ्या, बहुतेक उंच बांध्याच्या वर्गातल्या होत्या. त्या सगळ्याच काही डोंगर चढणाऱ्या नव्हेत. पुष्कळशा साध्या मोटारीच आहेत, फक्त उंच टाचांचे बूट घातलेल्या. पण त्यांना जिच्यासारखे दिसायचे आहे ती मूळ जीप. म्हणून बोलायचे तर तिच्याविषयीच बोलले पाहिजे.

जीप जन्मली ती दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकन सैन्याला हलकी, काटक आणि चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. १९४० साली नमुना तयार झाला आणि पुढच्या वर्षापासून विलिस आणि फोर्ड यांच्या कारखान्यांतून अशा गाड्या लाखांनी बाहेर पडल्या. आपल्याकडे १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढची चार-पाच दशके ही गाडी हौसेने घ्यायची वस्तू नव्हतीच. ती असे पोलिसांकडे, वनखात्याकडे, पाटबंधाऱ्याच्या इंजिनियरकडे, नाहीतर साखर कारखान्याच्या चेअरमनकडे.

१९८०च्या दशकात मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या ग्रामीण शाखेत होतो. सातारा जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली म्हशी-शेळ्यांसाठी कर्जे द्यायची आणि मग त्या पैशाची म्हैस खरोखरच गोठ्यात उभी आहे ना, हे वाड्या-वस्त्यांवर जाऊन पाहायचे. त्यासाठी कधीमधी पंचायत समितीची जीप मिळे. वर कापडी हूड, मागे समोरासमोर दोन बाकडी, आणि पाटे असे कडक की पुढचे दोन दिवस उठता-बसता जीपची आठवण यावी. गावात जीप शिरली की पोरे तिच्यामागे धावत आणि थकबाकीदार मागच्या दाराने शेताकडे निघत. जीप म्हणजे मामलेदार, फौजदार, नाहीतर वसुली. तिच्यात बसलेला माणूस स्वभावाने कितीही मऊ असो, खाली उभ्या असलेल्यांना तो साहेबच वाटे. आज शहरात जी जीप घेतली जाते तिच्या किमतीत या रुबाबाचाही थोडा हिस्सा असावा, असे मला वाटते.

पण त्याच जीपची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. एसटी जिथवर पोचत नव्हती तिथे हीच गाडी वडाप म्हणून धावली. नऊजणांच्या जागेत वीसजण कोंबले जात, ते धोक्याचे होते यात शंका नाही; पण अडलेली बाळंतीण तालुक्याच्या दवाखान्यात पोचली ती कित्येकदा या गाडीमुळे. रस्ता नव्हता, म्हणून जीप होती. आजही घाटमाथ्यावरचा शेतकरी, मेळघाटात फिरणारा डॉक्टर, वनखात्याचा गस्तीवाला यांनी अशी गाडी वापरली तर तिच्याविरुद्ध अवाक्षर काढायचे कारण नाही. कर्ज मागायला आलेल्याला आम्ही पहिला प्रश्न विचारायचो तो 'कशासाठी?' त्याचे उत्तर या माणसांपाशी आहे. शहरात रोज वापरण्यासाठी अशी गाडी घेणाऱ्यालाही तोच प्रश्न विचारून पाहायला हरकत नसावी.

आधी गाडीचाच हिशेब मांडू. आजची चारही चाकांनी ओढणारी थार पावणेदोन टनांच्या आसपास भरते. १९८३ साली मध्यमवर्गाच्या दारात आलेली पहिली मारुती साडेसहाशे किलोंच्या घरात होती, आणि तिच्यात आईवडील, दोन मुले, आजी आणि पापडाचा डबा एवढे मावून आपण महाबळेश्वरला जाऊन येत होतो. आता सत्तर किलोंचा एक माणूस अर्धा किलो दही आणायला पावणेदोन टन लोखंड बरोबर नेतो. ज्या यंत्रणेसाठी एवढे वजन आणि पैसा घातला, ती शहरात वापरताही येत नाही. या जातीच्या बहुतेक गाड्यांत चारही चाके जोडली की पुढची आणि मागची एकाच गतीने फिरतात. चिखलात किंवा वाळूत चाक थोडे घसरते म्हणून ते चालून जाते. कोरड्या डांबरावर वळताना मात्र टायर आणि गिअर दोन्हींवर ताण येतो. म्हणूनच कोरड्या रस्त्यावर ती जोडू नका, असे बजावले जाते. २०२३ पासून तर हीच गाडी फक्त मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या स्वरूपातही मिळते. ती दिसायला डोंगरी, चालायला शहरी. पायरी मात्र तेवढीच उंच, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला तिच्यात चढविताना घरातल्या दोघांना खाली उतरावे लागते.

आता घेणाऱ्यांची बाजू. माझी एक भाची रोज पुण्याहून हिंजवडीला जाते. तिने अशी गाडी घेतली तेव्हा मी तिला हाच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "मामा, लहान गाडी होती तेव्हा बस, डंपर, टँकर, सगळे दाबायचे. आता कुणी दाबत नाही."

"आणि तू कुणाला दाबतेस?"

"मी नाही गं बाई दाबत कुणाला," ती हसून म्हणाली, "गाडीच दाबते!"

तिचे म्हणणे खोटे नाही. एकट्या बाईला रात्री उंचावर बसून गाडी चालविताना धीर वाटतो, आणि ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. पण तमाशाच्या तंबूत पुढच्या रांगेतला एकजण उभा राहिला की काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे. त्याला छान दिसते. मग मागचा उभा राहतो, त्याच्या मागचा उभा राहतो, आणि शेवटी सगळेच उभे राहून पूर्वीइतकेच पाहतात. बसून राहिलेल्याला मात्र काहीच दिसत नाही. रस्त्यावर हा बसून राहिलेला माणूस म्हणजे सायकलवाला, स्कूटरवरची बाई आणि दप्तर घेऊन रस्ता ओलांडणारे पोर. उंच गाडीचे दिवे त्याच्या डोळ्यांवर येतात, आणि उंच बॉनेटच्या अगदी पुढ्यात उभे असलेले लहान मूल चालविणाऱ्याला दिसतही नाही. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या बॉनेटची उंची चाळीस इंचांहून अधिक आहे अशा गाड्यांनी पादचाऱ्याला धडक दिल्यास तो दगावण्याची शक्यता, तीस इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते, असे त्यात आढळले. बुटक्या मोटारीची धडक पायांना बसते. उंच, सपाट तोंडाच्या गाडीची छातीला आणि डोक्याला. त्यात आपल्याकडे पुढे लोखंडी पाइपांचे कुंपण बसवून घ्यायची हौस. केंद्र सरकारने २०१७ सालीच राज्यांना याविरुद्ध कारवाई करायला सांगितले आहे. तरी अशा गाड्या चौकाचौकांत दिसतात.

२०२२ साली भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची होती आणि साडेएकोणीस टक्के पायी चालणारी. म्हणजे दर पाच मृतांमागे तिघांहून अधिक या दोन गटांतले. आपण रस्त्यावर भितो ते कुणाला, आणि मरते ते कोण, याचा मेळ या आकड्यांशी घालून पाहावा.

तरीही घेणाऱ्यांचे सगळ्यांत भक्कम कारण हे नव्हेच. ते कारण म्हणजे खड्डे. "काका, आपले रस्ते बघा आणि मग बोला," असे आमच्या सोसायटीतला एक तरुण मला म्हणाला, आणि त्या क्षणी माझ्यापाशी उत्तर नव्हते. पावसाळ्यात कोथरूडपासून कात्रजपर्यंत जाऊन आलेल्या माणसाने त्याला काय सांगावे? गाडी जमिनीपासून नऊ इंच उंच असेल तर खड्डा नुसता ऐकू येतो, लागत नाही. मग ती का घेऊ नये?

याच ठिकाणी मला अडखळायला होते. नळाला पाणी कमी येऊ लागले, तेव्हा आपण गच्चीवर टाकी बांधली आणि बोअर मारली. वीज जाऊ लागली तेव्हा इन्व्हर्टर घेतला. पालिकेच्या शाळा बिघडल्या, तशी आपली मुले आपण दुसरीकडे घातली. आता रस्ता बिघडला, म्हणून रस्ता लागू नये अशी गाडी घेतली. प्रत्येक वेळी आपले घरापुरते भागले. पण प्रत्येक वेळी ज्याला अर्ज लिहिता येतो, नगरसेवकाला फोन करता येतो, वर्तमानपत्रात पत्र पाठविता येते, असा एक माणूस तक्रारदारांच्या रांगेतून निघून गेला. रांगेत उरला तो ज्याच्या अर्जाला कुणी पोच देत नाही. पालिकेच्या शाळांचे पुढे काय झाले ते आपण पाहिले. ज्याच्या हाती खड्डा बुजवून घेण्याची थोडीफार ताकद आहे, त्याला खड्डाच जाणवेनासा झाला तर रस्त्याचेही तेच होईल.

खड्डा मात्र असतोच. २०२२ साली देशात खड्ड्यांमुळे १,८५६ माणसे मेल्याची सरकारी नोंद आहे. ही माणसे उंच गाड्यांत बसलेली असतील अशी शक्यता थोडीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला, आणि चांगला रस्ता हा नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हा हक्क सगळ्यांचा आहे. पावणेदोन टनांची गाडी तो विकत देत नाही. फार तर तो मागण्याची गरज विसरायला लावते.

आणखी एक गोष्ट होते. अवजार घरात पडून राहिले की ते काम शोधू लागते. आठवडाभर सिग्नलला उभी राहिलेली गाडी रविवारी डोंगर मागते. मग रस्ता असलेल्या ठिकाणी नेण्यात मजा वाटत नाही. २०२३च्या नाताळात हिमाचलमध्ये रस्त्यावर गर्दी झाली म्हणून एकाने आपली थार सरळ चंद्रा नदीच्या पात्रातून नेली. पोलिसांनी त्याला दंड केला. आपल्याकडे कोकणातल्या ओल्या वाळूवर गाड्या गरागरा फिरवून चित्रे काढली जातात. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे येऊन वाळूत अंडी घालतात, आणि गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे ती राखली आहेत. तिथे चाकाखाली काय येते ते वरून दिसत नाही. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे; दर मोसमात तिथे वाळूत रुतलेल्या पर्यटकांच्या बातम्या येतातच.

म्हणून ज्याने घेतली त्याने विकून टाकावी काय? असे मी म्हणणार नाही. घेतलेल्या वस्तूचा घसारा पहिल्याच वर्षी किती होतो हे मला चांगले ठाऊक आहे. पुढचे लोखंडी कुंपण काढून टाकावे. शाळेजवळ, देवळाजवळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जावे. आपल्याला न दिसणारे पोर समोर असू शकते, हे धरून चालावे. साचलेल्या पाण्यातून जाताना शेजारी स्कूटर आहे याची आठवण ठेवावी. आणि जो अजून शोरूमच्या दारात उभा आहे, त्याने स्वतःला एकदा 'कशासाठी?' म्हणून विचारावे. वर्षातले किती दिवस रस्ता सोडून जाणार आहोत, ते बोटांवर मोजावे. दोन-तीनच बोटे मोडली गेली तर तेवढ्या दिवसांपुरती भाड्याने गाडी मिळते.

शेवटचे मागणे मात्र दोघांनाही, आणि माझ्यासारख्या पायी फिरणाऱ्यालाही. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी चालेल, ज्या रस्त्याने रोज गाडीने जाता तो घरापासून चौकापर्यंत पायी चालून या. मुलांना बरोबर घ्या, त्यांना खड्डे मोजू द्या. परत आल्यावर चहा घेता घेता पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला दोन ओळी लिहा, खाली नाव आणि पत्ता घाला, आणि पुढच्या रविवारी त्या खड्ड्याचे काय झाले ते पाहून या.