सुट्टीतली धाव

मे महिन्यात आपल्यातली काही कुटुंबे सुरतजवळ कामरेजला नातेवाइकांकडे जातात. वर्षभराचे पहाटेचे धावणे मात्र घरीच राहते. सुट्टी आहे ना!

आम्हांला हे पटत नाही. दोन-तीन आठवडे पूर्ण खंड पडला की दम कमी होतो. आठवड्यातून तीनदा वीस-पंचवीस मिनिटे धावले तर बराचसा टिकतो. तिथे ऊन लवकर चढते, म्हणून साडेपाचलाच निघावे. चौफुलीवर हायवेचे ट्रक असतात, तिकडे जाऊच नये. उसाच्या शेतांमधला रस्ता धरावा, उजव्या कडेने, म्हणजे समोरची वाहने दिसतात. आत्याबाईंचा चहा होईपर्यंत परत.

करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. म्हणून पौलाने दिलेले धावपटूचे उदाहरण तिथल्या मंडळीला चटकन कळले असेल. त्याचा भर संयमावर आहे, आणि संयम म्हणजे हट्ट नव्हे. एरिक लिडेल १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर धावला नाही, कारण प्राथमिक फेरी रविवारी होती. सुवर्णपदक त्याला ४०० मीटरमध्ये मिळाले. घरच्यांना उपासनेसाठी ताटकळत ठेवणारी धाव आम्हांला मान्य नाही. रविवारी आजोबांचा हात धरून चर्चपर्यंत चालत गेलो तरी पुरे.