आरपीएमचा काटा आणि बाबांचे कान

या वेळी कॉम्प्युटर बाजूला ठेवून आमच्या जुन्या गाडीची गोष्ट सांगतो.

बाबांची पेट्रोल गाडी १९९८ची. चार सिलिंडर, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर. स्पीडोमीटरशेजारी टॅकोमीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा काटा. दिवाळीच्या सुमारास गाडी नुसती उभी असताना हा काटा १२०० दाखवू लागला. मेकॅनिकनं आयडलचा स्क्रू फिरवून तो ८५०वर आणला. त्या दिवसापासून गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. एकदा तर दांडिया बाजारच्या ऐन गर्दीत!

बाबा सारखे म्हणत होते, "अरे, इंजिन फार हळू चालतंय. आवाजावरून कळतंय." मेकॅनिकचं उत्तर ठरलेलं, "काका, कांटो तो बराबर छे." आणि मी? बाबांना नुकतंच कानाचं मशीन बसवलं होतं. मी बोलून गेलो, "बाबा, तुम्हाला आता आवाज नीट कळत नसेल." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडीची किल्ली खुंटीला लावून चालत भाजी आणायला गेले.

मला रात्रभर चुटपुट लागली. ऑफिसात एखादा आकडा खटकला, तर तो दुसऱ्या मार्गानं तपासल्याशिवाय मी कुणाला दोष देत नाही. घरी मात्र काट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला होता.

ओळखीच्या गॅरेजमधून प्लगच्या वायरला चिमट्यासारखा लावायचा आरपीएम मीटर आणला. गाडीचा काटा ८५०वर, मीटरवर जेमतेम ६००! ॲक्सिलरेटर दाबून पाहिला. खरे १५००, तर काटा २१००वर. खरे ३०००, तर काटा ४२००वर.

इथे फरक कसा आहे ते पाहायचं. प्रत्येक वेळी सारखाच, समजा २५० जास्त असता, तर काटाच त्याच्या दांडीवर सरकलेला असण्याची शक्यता होती. काटा थरथरत असता, तर आधी अर्थिंग आणि सैल जोड तपासले असते. आमचा आकडा मात्र सगळीकडे खऱ्याच्या १.४ पट होता. म्हणजे सिग्नल नीट पोचत होता, कॅलिब्रेशन बिघडलं होतं.

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. सेकंदाला ५० ठिणग्या म्हणजे मिनिटाला १५०० फेरे. टॅकोमीटरमागचं सर्किट प्रत्येक ठिणगीमागे काट्याला ठरावीक मापाचा विजेचा झटका देतं, आणि त्या झटक्यांची सरासरी काटा दाखवतो. आमच्या मीटरमध्ये ते माप एका छोट्या प्रिसेटनं ठरत होतं.

बॅटरीची वायर काढून मीटर जेवणाच्या टेबलावर घेतला. ("आठच्या आत आवरा," इति आई.) प्रिसेटवर काळसर थर होता. त्याच्या जुन्या जागेवर मार्करनं खूण केली, मग कॉन्टॅक्ट क्लीनरनं तो साफ केला. मीटरला १२ व्होल्ट दिले आणि आर्डुइनो व एका ट्रान्झिस्टरच्या मदतीनं सेकंदाला ५० पल्स सोडले. काटा १५००वर येईपर्यंत प्रिसेट अगदी हळू फिरवला. मग १०० पल्सला ३००० आणि १५०ला ४५०० येतात का तेही पाहिलं. एका आकड्यावर जुळलं म्हणजे सगळीकडे जुळलं असं नाही.

एक सांगून ठेवतो. चालू गाडीच्या इग्निशन कॉइलला आर्डुइनो किंवा साधा मल्टिमीटर थेट जोडू नका. तिथे क्षणभर काहीशे व्होल्ट येतात.

मीटर परत बसवला, आयडल ८५०वर आणलं. या वेळी काटा आणि चिमट्याचा मीटर दोघांचं एकमत झालं. बाबा बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ ऐकत उभे राहिले. म्हणाले, "हां, आता बरोबर."

मी हळूच म्हटलं, "बाबा, तुमचंच खरं होतं. चुकलं माझं."

"काय म्हणालास? जरा मोठ्यानं बोल."

मशीन चालू होतं, हे मला पक्कं माहीत आहे. तरी मी मोठ्यानं बोललो.