सासूबाईंची जास्वंद

खानदेशात थंडी ती कसली, असे मला लग्न होऊन प्रकाशा गावी येईपर्यंत वाटत असे. मुंबईकरांच्या लेखी खानदेश म्हणजे ऊन! पण इथे उत्तरेला सातपुडा आणि गावाशी तापी-गोमाईचा संगम. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा भरायच्या सुमारास आभाळ निरभ्र असले, वारा पडला, की पहाटे पांघरुणाबाहेर हात काढवत नाही. वर तोरणमाळ-डाबकडे तर एखाद्या वर्षी गवतावरचे दवही गोठते.

पहिल्याच हिवाळ्यात माझ्या हातून एक अपराध घडला. परसात सासूबाईंची लाल जास्वंद होती. गणपतीला रोजचे फूल तिचेच. पौषात तिची पाने काळवंडून गळाली, शेंडे वाळले. नव्या सुनेचा उत्साह! मी ती उपटून टाकली आणि जागा कशी लख्ख केली. सासूबाईंनी उकिरड्यावरची ती काठी उचलली, नखाने साल खरवडली. आत हिरवीगार ओल होती. त्या एवढेच म्हणाल्या, "झोपली होती गं ती." त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

तेव्हापासून मी शिकत गेले. ढग नसले की रात्री जमिनीची ऊब सरळ आभाळात निघून जाते. ओली माती दिवसाची ऊब कोरड्या मातीपेक्षा अधिक धरते. म्हणून तर शहाद्याकडचे केळी-पपईवाले थंडीच्या रात्री बागेला पाणी देतात, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात. पारा १० अंशांखाली गेला की केळीची वाढच खुंटते.

आपल्या अंगणाला एवढा खटाटोप नको. झाडाला सकाळी ऊन वर आल्यावर पाणी द्यावे. कुंडीत मात्र साचू देऊ नये. बुंध्याभोवती उसाचे पाचट किंवा वाळला पाला चार बोटे पसरावा, खोडाला चिकटवू नये. कुंड्या दक्षिणेच्या भिंतीशी सरकवाव्यात. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. नाजूक झाडाभोवती चार काठ्या रोवून संध्याकाळी जुने लुगडे जमिनीपर्यंत सोडावे आणि सकाळी न विसरता काढावे. प्लॅस्टिक पानांना टेकले तर तेवढीच पाने करपतात. दसऱ्यानंतर युरिया नको. कोवळी फूट थंडीला पहिली बळी पडते.

आणि मुख्य म्हणजे कात्री लपवून ठेवावी! वाळके शेंडे आतल्या डोळ्यांवर पांघरूण घालतात. महाशिवरात्र उलटून नवी फूट दिसली, की मग जिवंत लाकडापर्यंत छाटावे.

आमच्या जास्वंदीचे काय झाले? तिची एक फांदी नणंदबाईंनी पूर्वीच शहाद्याला नेऊन लावली होती. त्यांनी पावसाळ्यात तिची कलमे पाठवली. पुढच्या पौषात मी माझे हळदीचे लुगडे तिच्याभोवती लावलेले पाहून आमचे हे म्हणाले, "आता हिला स्वेटर केव्हा विणतेस?"

सासूबाई आज नाहीत. गणपतीला फूल मात्र अजून तिचेच असते. या दिवाळीत फराळाचे डबे भरून झाले, की जुन्या लुगड्यांची ट्रंक तेवढी उघडून ठेवा.