‘औषध नको’ हेही वैद्याचे उत्तर आहे

चिकित्सालयात येणारा तरुण प्रथम अपचन सांगतो, मग थकवा सांगतो, आणि उठता उठता मूळ विषयाला हात घालतो : शिश्नावर बारीक पुटकुळ्या दिसतात, महिनोन् महिने जात नाहीत. लग्न ठरलेले असेल तर ही भीती अधिकच तीव्र असते. आपल्यापैकी प्रत्येकास हा रुग्ण परिचित आहे. त्याच्या बाबतीत आपले वर्तन कसे असावे, याविषयी थोडे स्पष्ट लिहिण्याची आवश्यकता वाटते.

यांतील पुष्कळशा पुटकुळ्या व्याधी नसतातच. शिश्नमण्याच्या कडेभोवती एक-दोन ओळींत, एक ते दोन मिलिमीटर आकाराचे, सारखे, त्वचेच्या रंगाचे वा मोत्यासारखे उंचवटे दिसतात. आधुनिक त्वचाशास्त्रात त्यांना ‘पर्ली पेनाइल पॅप्यूल्स’ म्हणतात. निरनिराळ्या पाहण्यांत त्यांचे प्रमाण सुमारे १४ ते ४८ टक्के पुरुषांत आढळले आहे. ते तारुण्यात दिसू लागतात, वयोमानाने पुसट होतात आणि संसर्गजन्य नसतात. शिश्नाच्या त्वचेवरील फिकट पिवळसर ठिपके म्हणजे केसाविना उघडणाऱ्या स्नेहग्रंथी होत. त्यांना अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ फोर्डाइस यांचे नाव मिळाले आहे. वृषणकोषावरील तांबडे-जांभळे ठिपके बहुधा उतारवयात दिसतात. ते विस्तारलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे असून खरवडल्यास रक्त येते, एवढेच. या तिहींना चिकित्सेची गरज नाही.

तरीही चिकित्सा होते, आणि तिला शास्त्राचा आधारही दिला जातो. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या चौदाव्या अध्यायात अठरा शूकदोष वर्णिले आहेत. त्यांत मोहरीएवढ्या पिडकांची ‘सर्षपिका’ आहे. रूपसाम्य पाहून कोणी हे नाव देतो आणि लेप सुरू करतो. परंतु त्या अध्यायातील हेतू काय आहे? लिंगवृद्धीच्या इच्छेने शूकादी तीक्ष्ण द्रव्यांचा अविधीने केलेला प्रयोग! हेतू नसताना केवळ रूपावरून व्याधी ठरविणे हे निदानपंचकास धरून नाही. किंबहुना या अध्यायाचा बोध नेमका उलट आहे. नाजूक अवयवावर अविचाराने लावलेले द्रव्यच तेथे व्याधी उत्पन्न करते. आज शूकाची जागा चुना, लसणाचा रस, अनधिकाराने वापरलेला क्षार आणि स्टेरॉइडमिश्रित मलमे यांनी घेतली आहे. निरुपद्रवी उंचवटा घेऊन आलेला रुग्ण मग खरोखरीचा व्रण घेऊन परत येतो.

येथे एक अप्रिय विषय टाळता येणार नाही. आपल्याकडे तपासणीचे शुल्क बहुधा औषधाच्या पुडीत गुंडाळलेले असते. पुडी नाही तर पैसे कशाचे, असे रुग्णास वाटते आणि वैद्यासही संकोच होतो. काही व्यवसायबंधू म्हणतात, आपण औषध दिले नाही तर तो भिंतीवरच्या जाहिरातीतल्या गुप्तरोगवाल्याकडे जाईल. हा धोका खरा आहे. पण जे शरीराचे स्वाभाविक अंग आहे ते औषधाने जाणार नाही. तीन महिन्यांनी रुग्ण त्याच ठिकाणी जाईल, मात्र तेव्हा आयुर्वेदाने गुण आला नाही हे सांगत. म्हणून तपासणीचे व समुपदेशनाचे शुल्क वेगळे घ्यावे, उघडपणे घ्यावे, आणि त्याच्या मोबदल्यात रुग्णास स्वच्छ शब्दांत सांगावे : हा रोग नाही, हा कोणाकडून लागलेला नाही, पत्नीस लागणार नाही, अपत्यप्राप्तीस बाधा नाही.

हे सांगण्याचा अधिकार मात्र पाहिल्यावाचून येत नाही. दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही त्रिविध परीक्षा येथेही तितकीच लागू आहे. पडदा, पुरेसा प्रकाश, हातमोजे आणि पाच मिनिटांचा एकांत एवढी सामग्री पुरते. पुढील लक्षणे दिसल्यास मात्र धीर देऊन पाठविणे हा अपराध ठरेल : वेदनारहित कठीण व्रण, दुखणाऱ्या द्रवयुक्त फोडांचा पुंजका, फुलकोबीसारखी वाढणारी मांसांकुरे, मध्ये खळगा असलेल्या पुटकुळ्या, मूत्रमार्गातून स्राव, घरातील इतरांनाही रात्री खाज सुटत असताना वृषणकोषावर आलेल्या गाठी. तसेच न भरणारा व्रण वा वाढती गाठ, विशेषतः अग्रत्वचा मागे सरत नसेल तर, कर्करोगाची शंका मनात धरूनच पाहावी. असे रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांकडे, शल्यतज्ज्ञांकडे किंवा शासकीय रुग्णालयातील तपासणी केंद्राकडे विनाविलंब पाठवावेत. असुरक्षित संबंधाचा इतिहास असेल तर पुटकुळ्या निरुपद्रवी असल्या तरी उपदंश व एचआयव्ही यांची रक्ततपासणी सुचवावी.

औषधविक्रेते बंधूंनाही एक विनंती आहे. हा तरुण बहुधा वैद्यांच्या आधी आपल्या दुकानात येतो, गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभा राहतो आणि हलक्या आवाजात ‘तिथे लावायचे मलम’ मागतो. त्यास मलम न देता तपासून घेण्यास सांगणे हीच खरी सेवा आहे. २०१८ साली चौदा स्टेरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’च्या बंधनाखाली आणली गेली, ती विनाचिठ्ठी विक्रीला आळा बसावा म्हणून. गुप्तरोग बरे करण्याच्या आणि कामशक्ती वाढविण्याच्या जाहिरातींना १९५४ चा औषधे व जादुई उपचार कायदा मनाई करतो; अशी पत्रके आपल्या फळीवर नसावीत.

लज्जेने ग्रासलेल्या माणसाचा खिसा रिकामा करणे सर्वांत सोपे असते. त्याच लज्जेतून त्याला मोकळे करणे हे वैद्याचे काम आहे, आणि त्यासाठी पुष्कळदा एकही पुडी बांधावी लागत नाही.