तांदळाच्या इथेनॉलचा खर्च कोणाच्या खात्यावर?



सरकारी तिजोरीवर ताण आहे असं ऐकू आलं की पहिला विषय निघतो तो भाताच्या बोनसचा. 2024-25 ला राज्याने हेक्टरी 20,000 रुपये दिले, तेही दोन हेक्टरपर्यंतच. माजिवड्यात चहाच्या टपरीवरसुद्धा लोक विचारतात, "तुम्हाला फुकट किती द्यायचं?" शहापूर-मुरबाडच्या भातवाल्यांच्या वतीने आज थोडा हिशेब मांडतो.

आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. ते उसापासून होतं, मक्यापासून होतं आणि सरकारी गोदामातल्या तांदळापासूनही. जानेवारी 2025 मध्ये केंद्राने इथेनॉलसाठी या तांदळाचा दर क्विंटलला 2,250 रुपये ठरवला.

आता भात बघा. 2024-25 चा हमीभाव 2,300 रुपये. सरकारी हिशेबाने एक क्विंटल भाताचा तांदूळ निघतो 67 किलो. म्हणजे क्विंटलभर तांदळाला नुसतं भातच लागलं सुमारे 3,430 रुपयांचं. भरडाई, बारदान, वाहतूक, गोदाम हे सगळं वेगळं. क्विंटलमागे कमीत कमी 1,180 रुपयांची तूट! क्विंटलला साधारण 45 लिटर इथेनॉल धरलं तर लिटरमागे 26 रुपये झाले. बोनस सगळ्यांना दिसतो, हे 26 रुपये मात्र अन्न खात्याच्या खर्चात जिरून जातात.

कोणी म्हणेल, गोदामं भरली होती, तांदूळ सडवायचा का? मुद्दा बरोबर आहे. जुना, खाण्याजोगा न राहिलेला माल जरूर द्या. पण त्यावर दरवर्षीचा धंदा उभा करू नका. डिस्टिलरीच्या कर्जावरच्या व्याजातही 2018 पासून सवलत आहेच.

मी जैवइंधनाच्या विरोधात नाही. इथेनॉलच्या पैशाने ऊसवाल्यांची थकलेली बिलं निघाली, हे मान्यच. माझं म्हणणं एवढंच, की कात्री लावायचीच असेल तर आधी धान्याच्या इंधनाला लावा, कचऱ्याच्या इंधनाला नको.

ठाणे-कल्याणचा ओला कचरा, तबेल्यांचं शेण यातून गॅस होतो. गॅस काढून झाल्यावर उरतं ते खत. त्या खताला केंद्राने 2023 मध्ये टनाला 1,500 रुपयांची मदत मंजूर केली आहे. खाचरांना सेंद्रिय खत हवंच आहे, आणि इथे कोणाच्या ताटातला घासही जात नाही.

तेव्हा मंडळी, बोनसवरून कोणी बोललं तर गप्प बसू नका. त्यांना हा 26 रुपयांचा हिशेब सांगा. कृषी खात्यातले कोणी वाचत असतील तर एवढंच सांगा: आपल्या जिल्ह्यात हे खत शेतकऱ्याला कुठे आणि काय भावाने मिळतं?