रेडिओचा प्रतिध्वनि

डोंगरासमोर उभें राहून हांक मारली म्हणजे क्षणभरानें तीच हांक परत ऐकूं येते. तो अवधि मोजला, कीं डोंगर किती दूर आहे याचें गणित मांडतां येतें. रडारचें तत्त्व याहून निराळें नाहीं. मात्र येथें हांक रेडिओलहरींची असते व ती सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर धांवते. सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांत प्रतिध्वनि आला, तर लहर जाऊन-येऊन ३०० किलोमीटर चालली. अर्थात् वस्तु १५० किलोमीटरांवर आहे. तिची दिशा, प्रतिध्वनि कोणत्या बाजूनें आला हें एरियलच्या साह्यानें ताडून ठरवितात.

२६ फेब्रुवारी १९३५ रोजीं इंग्लंडांत डॅव्हेंट्रीजवळ वॉटसन-वॅट व विल्किन्स यांनीं बी. बी. सी.च्या लहरी एका बाँबफेक्या विमानावर आदळून परततात, हें दाखविलें. सुमारें १३ किलोमीटरपर्यंत त्याचा माग लागला. पुढें किनाऱ्यावर उंच मनोऱ्यांची मालिका उभी राहिली. १९४० सालीं जर्मन विमानें चालून आलीं, तेव्हां ब्रिटिश वैमानिकांना दिवसभर आकाशांत घिरट्या घालीत राहण्याचें कारण उरलें नाहीं. सूचना मिळाल्यावर ते उड्डाण करीत. थोडक्या विमानांनीं देश तगला, त्याचें हें एक मोठें कारण.

परंतु हे मनोरे समुद्राकडेच पाहत. शत्रु किनारा ओलांडून आंत शिरला, कीं त्याचा माग दुर्बिणी घेतलेले स्वयंसेवक डोळ्यांनीं व कानांनीं काढीत. त्यांपैकीं पुष्कळजण आपापले उद्योग सांभाळून हा पहारा करीत असत.