आधी भावाच्या दारी, मग वर्गात



मी बरीच वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवतो. एका रविवारी मत्तयच्या पाचव्या अध्यायातला धडा होता. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं मन आपल्याविषयी दुखावलेलं आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असं प्रभू येशू सांगतो. मी मुलांना छान समजावलं. तेवढ्यात मागच्या ओळीतून माझ्या मोठ्या भावाची नात म्हणाली, "आबाजी, मंग तुमी आमच्या घरी काऊन नाही येत?"

मला उत्तर देता आलं नाही. आम्हा भावांची वावरं लागून आहेत. धुऱ्यावरून चार वर्षं बोलणं बंद होतं. एकाच चर्चमध्ये तो डावीकडे बसायचा, मी उजवीकडे. सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. विचारलं मात्र त्या पोरीनं.

डोंगरावरचं प्रवचन सातव्या अध्यायात संपतं, तेव्हा लोक थक्क झाले असं मत्तय लिहितो. कारण येशू शास्त्र्यांसारखा नव्हे, तर अधिकार असल्यासारखा शिकवत होता. शास्त्र्यांना वचनं पाठ होती, तशी मलाही आहेत. येशूनं मात्र शत्रूवर प्रीती करा म्हटलं आणि वधस्तंभावरून मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. बोलणं आणि जगणं यांत फट नव्हती, तोच त्याचा अधिकार.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. शास्त्र सांगण्याचा अधिकार त्यांच्याइतका कुणाला होता? पण 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आपला छिंदवाडा मुलूख तेव्हा याच प्रांतात होता. उपाशी मुली आणि विधवा यांना त्यांनी सोबत नेलं आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला. भुकेनं खंगलेल्या त्या पोरींना संस्कृत पदव्यांशी काय घेणं? त्यांनी बाईंना ओळखलं ते ताटातल्या अन्नावरून.

आज ख्रिस्ती माणूस आपल्या विश्वासाबद्दल बोलू लागला की काहीजण संशयानं पाहतात. 2021 च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यानंतर आपले लोकही बोलताना दबकतात. मला वाटतं, याचं निम्मं उत्तर आपल्या हातात आहे. शेजाऱ्याच्या घरी आजारपण आलं तर धावून जावं, मजुराची मजुरी त्याच संध्याकाळी द्यावी, संत्र्याच्या पेटीत वर चांगली आणि खाली डागी फळं भरू नयेत. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. आणि हे कुणाला चर्चमध्ये ओढण्यासाठी करायचं नाही. गळाला लावलेल्या आमिषाला प्रीती म्हणत नाहीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, तेव्हा आपल्यातले काहीजण नाक मुरडतात. मीही मुरडायचो. पण पांढुर्णा आणि सावरगाव त्या दिवसानंतर पुन्हा शेजारी होतात. मी माझा दगड चार वर्षं हातात धरून बसलो होतो.

कुणी विचारेल, मग निष्पाप माणसानंच शिकवायचं का? तसं असेल तर सगळेच वर्ग बंद पडतील. चूक असणाऱ्याचा अधिकार जात नाही. चूक झाकून दुसऱ्याला धडा देणाऱ्याचा जातो.

त्या संध्याकाळी मी भावाच्या दारी गेलो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बस. चहा घे." धुऱ्याचा वाद पूर्ण मिटला असं सांगणार नाही; मोजणी व्हायची आहे. माझ्या बाजूनं मात्र मी नांगराचे दोन तास सोडून दिले. पुढच्या रविवारी वर्गात मुलांना म्हटलं, "गेल्या रविवारचा धडा मलाच येत नव्हता." त्या दिवशी मुलं जितकी लक्ष देऊन ऐकत होती, तितकी आधी कधी ऐकली नव्हती.

पाळकसाहेबांना, वडीलमंडळींना आणि माझ्यासारख्या शिक्षकांना एक विनंती आहे. पुढच्या प्रभुभोजनाआधी प्रत्येकानं आपल्या एका अबोल्याच्या दारी जाऊन यावं. उपदेश मग थोडा छोटा झाला तरी चालेल.

आपला बंधू,
सौसरचा एक संडे स्कूल शिक्षक